एका घरच्या संगणकावर चार सिस्टिम: कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कामाच्या नोंदी

शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

यंत्र २०१८ सालचं, असेंबल केलेलं. इंटेल कोअर आय५-८४००, एच३१० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एक पट्टी, ५०० जीबीची साटा एसएसडी. त्यावर विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणून विंडोज ११ आणि सोबत आणखी तीन ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याचं हे काम दिवाळी उरकताच हाती घेतलं. आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसतो. तिला लागणाऱ्या टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयीसाठी वेगळी चिप लागत नाही, बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये (यंत्र सुरू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्याच सॉफ्टवेअरमध्ये) पीटीटी नावाचा पर्याय चालू केला की झालं. ज्यांचा प्रोसेसर यादीत बसत नाही, त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० ची सुरक्षा अपडेट घेता येतात. तोवर पुढचा निर्णय करावा.

घरात या एकाच यंत्रावर तीन तऱ्हेची कामं चालतात. टॅलीतले हिशेब आणि उद्यमनगरच्या फाउंड्रीला जाणाऱ्या पॅटर्नची ऑटोकॅडमधली ड्रॉइंग यांना विंडोजशिवाय गत्यंतर नाही. रोजचं ब्राउझिंग, पत्रं, फोटो यांना लिनक्स मिंट २२.२ पुरेसं आहे. तिसरं म्हणजे विद्यापीठाच्या संगणक अभ्यासक्रमाचं काम: त्यासाठी डेबियन १३ हे दुसरं लिनक्स, आणि नेटवर्किंग व कर्नल (सिस्टिमचा गाभा) समजून घ्यायला फ्रीबीएसडी १४.३ ही युनिक्स घराण्यातली सिस्टिम. नुसती तोंडओळख करून घ्यायची असेल तर व्हर्च्युअल मशीन (चालू सिस्टिमच्या आत चालणारं आभासी यंत्र) पुरतं, तेच आधी करावं. पण खऱ्या डिस्कवर, खऱ्या फर्मवेअरवर सिस्टिम कशी उठते हे शिकायचं असेल तर ती थेट बसवायलाच हवी.

सगळ्या आखणीमागचं तत्त्व आज ठरलं आणि ते शेवटपर्यंत सोडायचं नाही: प्रत्येक सिस्टिम दुसरीच्या मदतीशिवाय उठली पाहिजे. एकाहून जास्त सिस्टिमचं यंत्र बसवण्याच्या दिवशी सहसा बिघडत नाही, बिघडतं ते पुढे कधीतरी अपडेट आल्यावर. एकीच्या अपडेटनं दुसरीच्या फायलींना हात लागणार नाही अशी मांडणी असेल तरच घरच्यांना निर्धास्तपणे यंत्र वापरता येतं.

खरेदी: १ टीबी साटा एसएसडी, साटा डेटा केबल, ८ जीबी डीडीआर४ २६६६ ची दुसरी पट्टी, सीआर२०३२ सेल. या बोर्डाला रॅमचे दोनच स्लॉट आणि साटाचे चार पोर्ट आहेत. एच३१० चिपसेटच्या पीसीआय लेन दुसऱ्या पिढीच्या असतात, त्यामुळे एनव्हीएमई (पीसीआय लेनवर चालणारी वेगवान एसएसडी) घेऊन तिचा पूर्ण वेग मिळाला नसता, साटाच बरी. सात वर्षांचा सेल आजच बदलला. तो मेला की तारीख पुसते आणि फर्मवेअरची सेटिंग मूळ पदावर जातात. मग आपण बदललेला बूट मोड (सिस्टिम सुरू करायची पद्धत) तोही जातो आणि दोष मात्र सिस्टिमच्या माथी येतो.

रविवार, २६ ऑक्टोबर

आधी बॅकअप. विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं तर बायोस मोडपुढे ‘लेगसी’ (जुनी पद्धत), आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कचा प्रकार एमबीआर (पार्टिशनचा जुना तक्ता). त्या काळी असेंबल करून दिलेल्या बहुतेक यंत्रांत हेच सापडतं: एक छोटं सिस्टिम रिझर्व्हड, मग सी, आणि पुढे एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात डी आणि ई. एमबीआरमध्ये जास्तीत जास्त चारच प्रायमरी पार्टिशन मावतात, म्हणून ही एक्स्टेंडेडची सोय. पुढच्या कामात हीच एक्स्टेंडेड आडवी येणार आहे.

डी आणि ई वरचा सगळा डेटा विंडोजच्या रोबोकॉपी कमांडनं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला. कॉपी झाल्यावर अखेरच्या तक्त्यात ‘फेल्ड’ या रकान्यात शून्य आहे ना ते पाहायचं. नुसतं काम संपलं म्हणून खिडकी बंद करू नये. टॅलीचा डेटा टॅलीच्याच बॅकअप पर्यायातून वेगळा घेतला. शिवाय क्लोनझिला या साधनानं पूर्ण डिस्कची इमेज (जशीच्या तशी नक्कल) घेतली आणि शेवटी इमेज तपासण्याचा पर्यायही चालवला. वेळ दुप्पट जातो, पण न तपासलेल्या बॅकअपच्या भरवशावर पार्टिशनला हात लावू नये.

वीज: घरातल्या इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं. ते साध्या मोडवर असेल तर वीज जाताच बदल होईपर्यंत जो क्षण जातो, त्यात संगणक रीस्टार्ट होतो. पंख्याला चालतं, पार्टिशन बदलताना चालत नाही. बटण यूपीएस मोडवर केलं आणि संगणकाला ६०० व्हीएचा स्वतंत्र यूपीएसही जोडला.

पेनड्राइव्ह: ३२ जीबीच्या एकावर व्हेंटॉय (अनेक इन्स्टॉलर एकाच पेनड्राइव्हवरून सुरू करणारं साधन), त्यात विंडोज ११, मिंट, डेबियन आणि क्लोनझिला यांच्या आयएसओ (इन्स्टॉलरच्या इमेज फायली). फ्रीबीएसडीची मेमस्टिक इमेज मात्र वेगळ्या पेनड्राइव्हवर थेट लिहिली. प्रत्येक आयएसओचा एसएचए२५६ (फाइलची ओळख पटवणारा आकडा) विंडोजच्या सर्टयुटिल कमांडनं काढून अधिकृत साइटवरच्या आकड्याशी ताडला. अर्धवट उतरलेली आयएसओ बऱ्याचदा बूट होते आणि इन्स्टॉल निम्म्यात थांबते. तेव्हा माणूस रॅम, केबल, एसएसडी सगळं तपासत बसतो.

शनिवार, १ नोव्हेंबर

एमबीआरचं जीपीटी (पार्टिशनचा नवा तक्ता, यूईएफआय या नव्या बूट पद्धतीसाठी) करणं. विंडोजसोबतच येणारं एमबीआर२जीपीटी हे साधन वापरलं. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी फक्त व्हॅलिडेट चालवायचं, सोबत डिस्क शून्य आणि चालू विंडोजमधूनच करायचं म्हणून अलाउफुलओएस हा पर्याय. अपेक्षेप्रमाणे डिस्कची मांडणी नापास असा निरोप आला. कारण सरळ आहे: या साधनाला तीनपेक्षा जास्त प्रायमरी चालत नाहीत, आणि एक्स्टेंडेड तर अजिबात चालत नाही. सविस्तर कारण हवं असेल तर विंडोज फोल्डरमधल्या सेटअपअॅक्ट आणि सेटअपएर या दोन लॉग फायली उघडाव्यात.

डेटा बाहेर आहेच, म्हणून डिस्क मॅनेजमेंटमधून ई, मग डी आणि शेवटी रिकामी एक्स्टेंडेड काढून टाकली. व्हॅलिडेट पास. त्यानंतर कन्व्हर्ट, काही सेकंदांचं काम. चालू विंडोजमधून केलं तर जुनं सिस्टिम रिझर्व्हड वापरात असतं, त्यामुळे ते बदलता येत नाही. साधन सी मधून जागा काढून १०० एमबीचं नवं ईएफआय पार्टिशन (बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम, जिथे राहतो ते) बनवतं. जुनं तसंच मागे राहतं; राहू दे, त्याचा त्रास नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. कन्व्हर्ट झाल्यावर पहिल्याच रीस्टार्टला फर्मवेअरमध्ये जायचं. सीएसएम (जुन्या बूट पद्धतीची सोय) बंद, बूट मोड यूईएफआय, पीटीटी चालू. हे न करता यंत्र सुरू केलं तर ‘योग्य बूट डिव्हाइस निवडा’ असा काळा पडदा येतो आणि डिस्क गेली असं वाटून लोक फॉरमॅटवर येतात. काहीही गेलेलं नसतं. फर्मवेअर जुन्या पद्धतीनं शोधतं आणि बूटलोडर नव्या ठिकाणी असतो, एवढंच.

विंडोज उठल्यावर रिकव्हरी चालू आहे का ते रीएजंटसी कमांडनं पाहिलं. बंद दिसली, पुन्हा इनेबल केली.

रविवार, २ नोव्हेंबर

विंडोज ११ ची २५एच२ आवृत्ती, आयएसओ माउंट करून आतूनच अपग्रेड, फायली आणि प्रोग्राम ठेवून. विशेष काही नाही. कुठे ‘सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ असा निरोप आला तर ईएफआय पार्टिशन भरलेलं असतं. त्यातल्या मायक्रोसॉफ्टच्या बूट फोल्डरमधल्या फाँट फायली काढल्या की जागा होते.

लिनक्स येण्याआधी विंडोजमध्ये तीन गोष्टी करून ठेवल्या.

पहिली, फास्ट स्टार्टअप. शट डाउन म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं. विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन त्या वेळी अर्धवट वापरातच असतं. लिनक्सनं त्यावर लिहिलं आणि विंडोज जुन्या आठवणीसह उठलं तर फायली खराब होतात. म्हणूनच लिनक्स असं पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं जोडतं किंवा जोडतच नाही. सेटिंगमधली नुसती खूण काढण्यापेक्षा पॉवरसीएफजी कमांडनं हायबरनेशनच पूर्ण बंद करावं. हायबरनेशनची फाइलच नसेल तर फास्ट स्टार्टअपला आधारच उरत नाही.

दुसरी, डिस्कचं एन्क्रिप्शन. मॅनेज-बीडीई स्टेटसनं पाहिलं, बंद आहे. नव्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू झालेलं असू शकतं. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घेईपर्यंत फर्मवेअरला बोटही लावू नये, कारण सिक्युअर बूट (सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी सोय) किंवा टीपीएममध्ये बदल झाला की पुढच्या वेळी विंडोज तीच की मागतं.

तिसरी, घड्याळ. बोर्डावरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स आणि फ्रीबीएसडी यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) धरतात. भारतात फरक साडेपाच तासांचा. सकाळी दहाला लिनक्स दुपारचे साडेतीन दाखवतं, आणि संध्याकाळी साडेसहानंतर केलेल्या फायलींवर उद्याची तारीख पडते. मग मेक ही कमांड घड्याळाबद्दल कुरकुर करते आणि दोन सिस्टिमवरच्या फायलींत नवी कोणती हेच कळत नाही. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावता येतं, पण इथे चारांपैकी तीन सिस्टिम यूटीसीवाल्या आहेत, म्हणून विंडोजलाच वळवलं: रजिस्ट्रीत टाइमझोनइन्फर्मेशन या कीखाली रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाचं डीवर्ड, किंमत १.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सिक्युअर बूटचा निर्णय आज पक्का केला: बंद. विंडोज ११ ला तशी सोय असलेलं यंत्र लागतं, ती चालूच असावी असं बंधन नाही. मिंट आणि डेबियनचे बूटलोडर मायक्रोसॉफ्टच्या सहीच्या शिम या छोट्या प्रोग्राममधून जातात, त्यामुळे ते चालू ठेवूनही चालले असते. फ्रीबीएसडीच्या लोडरला ती सही नाही. आणखी एक कारण ऑगस्ट २०२४ मधलं. त्या महिन्याच्या विंडोज अपडेटनं जुन्या शिमची मान्यता काढणारी एसबॅट यादी फर्मवेअरमध्ये लिहिली आणि अनेक दुहेरी बूटच्या यंत्रांवर लिनक्स ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ म्हणून थांबलं. आमच्या तत्त्वाला छेद देणारं याहून नेमकं उदाहरण नाही. मात्र ज्यांच्या घरी व्हॅलोरंटसारखे खेळ चालतात त्यांनी सिक्युअर बूट बंद करू नये. विंडोज ११ वर तो खेळ त्याशिवाय चालत नाही. तिथे फ्रीबीएसडी व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवावी.

नवी एसएसडी दुसऱ्या साटा पोर्टला जोडली आणि विंडोजच्या डिस्कची डेटा केबल काढली. हे मुद्दाम. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये ‘बूटलोडर कुठे बसवायचा’ हा रकाना असतो, पण यूईएफआयवर तो पाळला जात नाही. पहिल्या डिस्कवर जे ईएफआय पार्टिशन सापडेल त्यातच ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) जाऊन बसतो. नव्या डिस्कवर मिंट आणि त्याची किल्ली विंडोजच्या डिस्कवर, असा गुंता होतो, आणि विंडोजची डिस्क बदलली की मिंटही उठत नाही. केबल काढली की प्रश्नच मिटतो. पॉवरची केबल राहू दे. भिंतीवरचं बटण बंद करून, केबलच्या टोकाची धातूची पट्टी अंगठ्यानं दाबून मगच ओढायची. न दाबता ओढलं तर एसएसडीवरची प्लॅस्टिकची जीभ तुटते आणि ती दुरुस्त होत नाही.

बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो. ज्याच्या आधी ‘यूईएफआय’ लिहिलेलं असेल तोच घ्यायचा. लाइव्ह मिंट उठल्यावर सिस् फोल्डरातल्या फर्मवेअरखाली ईएफआय हे फोल्डर आहे का पाहावं; नसेल तर लेगसीत उठलंय, परत फिरा.

जी-पार्टेड या पार्टिशनच्या साधनात जीपीटी टेबल करून मांडणी केली. १ टीबी म्हणजे वापराच्या हिशेबात ९३१ जीआयबी:

ईएफआय, फॅट३२ — १ जीआयबी
मिंट, एक्स्ट४ — १५०
डेबियन, एक्स्ट४ — १००
लिनक्सचं स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) — १६
फ्रीबीएसडी व तिचं स्वॅप — १००+४, सध्या मोकळी जागा
सामायिक, एनटीएफएस — ४५०, नंतर
उरलेले सुमारे ११० — मोकळेच

ईएफआय १ जीआयबी जास्त वाटेल. पण तीन सिस्टिमचे बूटलोडर तिथे राहणार, आणि हे पार्टिशन नंतर वाढवणं फार किचकट असतं. शेवटची मोकळी जागा तशीच ठेवायची. कधी एखादी सिस्टिम दुसरीकडे उतरवून पाहायची झाली तर तीच उपयोगी पडते.

मिंटचं इन्स्टॉल ‘समथिंग एल्स’मधून. फक्त मिंटचं पार्टिशन फॉरमॅट, ईएफआय तसंच वापरायचं. मिंटचा बूटलोडर ईएफआय पार्टिशनमध्ये ‘उबुंटू’ नावाच्या फोल्डरात जातो. म्हणून मिंट आणि उबुंटू एकाच ईएफआय पार्टिशनवर ठेवले तर एकमेकांवर लिहितात. डेबियनचं फोल्डर वेगळं असतं, त्याचा अडथळा नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

डेबियन १३, विंडोजची केबल अजून निघालेलीच. डेबियन १२ पासून वाय-फाय वगैरे उपकरणांना लागणारं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच असतं, वेगळा पेनड्राइव्ह लागत नाही. पार्टिशन हातानं नेमलं.

एक जागा जपायची. डेबियनचा इन्स्टॉलर समोर दिसणारं स्वॅप आपणहून वापरायला घेतो आणि नव्यानं फॉरमॅट करतो. तसं झालं की त्या स्वॅपचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) बदलतो आणि मिंटच्या एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या पार्टिशनच्या यादीत) जुनाच राहतो. मिंट मग दर वेळी सुरू होताना दीड मिनिट त्या हरवलेल्या पार्टिशनची वाट पाहत बसतं. ‘मिंट अचानक संथ झालं’ या तक्रारीमागे बहुधा हेच निघतं. म्हणून इन्स्टॉलरमध्ये स्वॅपला ‘वापरू नका’ म्हटलं आणि डेबियन उठल्यावर ब्लकआयडी कमांडनं यूयूआयडी पाहून तो एफएसटॅबमध्ये हातानं लिहिला. स्वॅप सामायिक असल्यामुळे दोन्ही लिनक्समध्ये हायबरनेट वर्ज्य. दोन्हीकडे इनिट-रॅम-एफएसच्या (सुरू होताना आधी रॅममध्ये चढणाऱ्या फायलींच्या संचाच्या) रिझ्यूम सेटिंगमध्ये ‘नन’ लिहून इनिट-रॅम-एफएस पुन्हा बनवलं.

डेबियन स्वतःला बूट क्रमात पहिलं करतं. मिंटमधून ईएफआयबूटमॅनेजर चालवून क्रम परत लावला: मिंट, मग डेबियन. त्यानंतर विंडोजच्या डिस्कची केबल पहिल्या पोर्टला परत जोडली आणि विंडोजचं नाव तिसरं ठेवलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारं विंडोजचं अपडेट बसवलं. बूट क्रम तपासला, आहे तसाच आहे. मोठ्या अपडेटनंतर विंडोज बूट मॅनेजर कधी कधी पहिला होतो. फर्मवेअरमध्ये जाऊन क्रम बदलायचा, पुन्हा इन्स्टॉल वगैरे काही लागत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

फ्रीबीएसडी १४.३. विंडोजची केबल पुन्हा काढली. इन्स्टॉलरमध्ये झेडएफएस या फाइल पद्धतीचा आपोआप पर्याय पूर्ण डिस्क घेतो, त्याच्या वाटेला जायचं नाही. मॅन्युअलमध्ये जाऊन १०० जीआयबीचं फ्रीबीएसडी-यूएफएस आणि ४ चं फ्रीबीएसडी-स्वॅप केलं. दोन्हींना लेबल दिलं: बीएसडीरूट, बीएसडीस्वॅप. आधीच्या ईएफआय पार्टिशनला फक्त जोडण्याची जागा दाखवायची, फॉरमॅट नाही. ‘बोर्डावरचं घड्याळ यूटीसीवर आहे का’ या प्रश्नाला ‘हो’.

लेबलाचं कारण इथेच लिहून ठेवतो. आत्ता एकच डिस्क जोडलेली आहे, म्हणून फ्रीबीएसडी तिला एडीए० म्हणते आणि तेच नाव एफएसटॅबमध्ये लिहिते. विंडोजची डिस्क परत लावली की तीच एडीए१ होते, रूट सापडत नाही आणि यंत्र ‘माउंटरूट’ या प्रॉम्प्टवर थांबतं. इन्स्टॉल संपताना मिळणाऱ्या शेलमध्ये एफएसटॅब उघडून डिस्कच्या नावांऐवजी जीपीटी फोल्डराखालची लेबलं लिहिली. कुणी तसंच सोडलं असेल तर माउंटरूटपुढे ‘यूएफएस:’ आणि लेबलाचा पूर्ण मार्ग टाइप केला की त्या वेळेपुरतं सुरू होतं, मग फाइल सुधारावी.

लोडर.ईएफआय ही फाइल ईएफआय पार्टिशनमध्ये ‘फ्रीबीएसडी’ फोल्डरात आहे याची खात्री केली. ईएफआयच्या बूट फोल्डरातली बूटएक्स६४ ही फाइलही पाहिली. फर्मवेअरची यादी कधी पुसली गेली तर ते याच फाइलकडे येतं.

रविवार, १६ नोव्हेंबर

सिस्टिम निवडण्याचा मेनू. सगळ्यात जास्त विचार या भागावर केला, कारण बहुतेक घरची यंत्रं इथेच पुढे अडतात.

रूढ पद्धत अशी: मुख्य ग्रब ओएस-प्रोबर चालवून बाकीच्या सिस्टिम शोधतो आणि त्यांच्या कर्नलच्या नोंदी आपल्या मेनूत लिहितो. सोपं आहे, पण मिंटच्या मेनूत डेबियनच्या कर्नलचं नाव कोरलं जातं. डेबियननं कर्नल बदलून जुना काढला की मिंटचा मेनू नसलेल्या फाइलकडे बोट दाखवतो. म्हणजे डेबियनच्या प्रत्येक कर्नल अपडेटनंतर मिंटमध्ये जाऊन ग्रब अपडेट करायचा. ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो, तो सुरक्षेच्या कारणानं. आम्ही दोन्ही लिनक्समध्ये तो स्पष्टपणे बंद लिहिला.

त्याऐवजी चेनलोड, म्हणजे दुसऱ्या सिस्टिमच्या बूटलोडरकडे सूत्रं सोपवणं. मिंटच्या ग्रब.डी फोल्डरातल्या ४०_कस्टम फाइलमध्ये हातानं तीन नोंदी लिहिल्या. प्रत्येकीत फॅट आणि चेन ही मॉड्यूल, मग ईएफआय पार्टिशनचा यूयूआयडी देऊन सर्च, आणि शेवटी चेनलोडर ओळीत फाइलचा मार्ग. विंडोजसाठी पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमधली बूटएमजीएफडब्ल्यू, डेबियनसाठी तिच्या फोल्डरातली ग्रबएक्स६४, फ्रीबीएसडीसाठी लोडर. कर्नलचं नाव कुठेच नाही. मिंट फक्त दारापर्यंत सोडतं, आत काय चाललंय ते त्या सिस्टिमनं पाहावं. डिस्कचं नाव लिहिलं नाही, फक्त यूयूआयडी. केबल या पोर्टातून त्या पोर्टात गेली तरी फरक पडत नाही.

घरच्यांना सुरू करताच विंडोज हवं असतं, म्हणून ४०_कस्टमचं नाव ०९_कस्टम केलं. मग त्या नोंदी मिंटच्या वर येतात. वेळ १० सेकंद. मागच्या वेळी निवडलेली सिस्टिम लक्षात ठेवायची असेल तर डिफॉल्टला ‘सेव्हड’ आणि सेव्हडिफॉल्ट चालू करावं लागतं. हातानं लिहिलेल्या नोंदींत मात्र सेव्हडिफॉल्ट ही ओळ आपणच घालावी लागते, नाहीतर विंडोजची निवड लक्षात राहत नाही. डेबियनच्या स्वतःच्या मेनूचा वेळ २ सेकंदांवर आणला, दोनदा थांबायला नको.

सामायिक पार्टिशन विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून केलं. तिथे आकार एमबीत मागतात: ४६०८००. लिनक्सची पार्टिशन तिथे बिननावाची दिसतात, त्यांच्यावर राइट-क्लिकही नको. मिंट आणि डेबियनच्या एफएसटॅबमध्ये ते लिनक्सच्या एनटीएफएस३ ड्रायव्हरनं जोडलं, सोबत आपला यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक), नोफेल आणि विंडोजनेम्स. नोफेलमुळे पार्टिशन जोडलं गेलं नाही तरी सिस्टिम उठते. विंडोजनेम्समुळे अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह असलेलं फाइलनाव लिनक्समधून करताच येत नाही. नाहीतर विंडोज ती फाइल उघडू शकत नाही. पार्टिशन ‘डर्टी’ म्हणून नाकारलं गेलं तर विंडोजमध्ये जाऊन चेकडिस्क चालवावं. लिनक्सचं एनटीएफएसफिक्स बहुतांशी खूण पुसतं, खरी दुरुस्ती करत नाही. फ्रीबीएसडीत फ्यूज पॅकेजनं फक्त वाचण्यापुरतं.

टॅलीचा चालू डेटा सामायिकवर ठेवायचा नाही. तो सी वरच, बॅकअप तेवढा सामायिकवर.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मराठी टायपिंग. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड, मिंट आणि डेबियनमध्ये आयबस आणि एम१७एनचा इनस्क्रिप्ट. भाषा बदलायला दोन्हीकडे विंडोजची कळ आणि स्पेस, त्यामुळे बोटांना वेगळी सवय लागत नाही. डेबियनमध्ये नोटो फाँट नसतील तर बसवावेत. घरातल्या जुन्या पत्रिका आणि बिलांच्या फायली युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहेत. लिनक्समध्ये त्या इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतात. फाइल खराब नाही, तो फाँट तिथे नाही. अशा फायली विंडोजमध्येच उघडायच्या, आणि नवीन सगळं युनिकोडमध्ये.

रविवार, २३ नोव्हेंबर

चाचणी. १५ तारखेला डेबियन १३.२ आली होती. ती आज बसवली आणि रीस्टार्ट केलं. मिंटच्या मेनूतून डेबियन, तिच्या मेनूतून तिचा कर्नल, मिंटमध्ये काही करावं लागलं नाही.

मग केबलची चाचणी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. नव्या एसएसडीची डेटा केबल काढून यंत्र चालू केलं: ग्रब नाही, फर्मवेअर यादीत पुढे सरकलं आणि विंडोज सरळ उठलं, टॅली आणि ऑटोकॅड चालू. ती परत जोडून विंडोजची काढली: मेनूतली विंडोजची नोंद पार्टिशन सापडत नाही म्हणून परत येते, मिंट, डेबियन, फ्रीबीएसडी तिन्ही उठतात. फ्रीबीएसडी लेबलामुळे एडीए० असो की एडीए१, थांबत नाही. चारही सिस्टिममध्ये घड्याळ एकच वेळ दाखवतं.

दोन्ही डिस्कच्या ताज्या क्लोनझिला इमेज घेतल्या. प्रत्येक पार्टिशनचा यूयूआयडी, बूट क्रम आणि फर्मवेअरची चार सेटिंग (सीएसएम बंद, यूईएफआय, पीटीटी चालू, सिक्युअर बूट बंद) एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला. व्हेंटॉयचा पेनड्राइव्ह खणात ठेवला आहे. तो दुसऱ्या कामाला फॉरमॅट करू नये.